सातबारा आमच्या नावाचा, इमला दुसऱ्याचा

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचे पाणी शनिवार पेठेत, नारायण पेठेत, कसब्यात शिरले. वाडे कोसळले, संसार वाहून गेले. त्या दिवसाच्या आठवणी पुण्यात आजही दर जुलैला निघतात. पण पाणी ओसरल्यावर जे घडले त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे.

पाणी ओसरल्यावर सरकारने पूरग्रस्तांना शहराभोवतालची सरकारी जमीन दिली. त्या जमिनीवर पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. अशा संस्थांची संख्या शंभराहून अधिक आहे. पुढे या जमिनी मालकी हक्काने करून देण्याचा निर्णयही शासनाने घेतला. पेठेतल्या कुटुंबांना मिळालेल्या या जमिनीबद्दल आमची तक्रार नाही. ज्याचे घर गेले त्याला सरकारने जमीन द्यावी, हेच योग्य आहे. पण यातून तीन गोष्टी सिद्ध होतात. सरकारकडे जमीन असते. ती गरजवंताला देता येते. आणि ती एकेकट्याला न देता संस्थेलाही देता येते.

मग हाच न्याय गायरानावर तीन पिढ्या राबणाऱ्या भूमिहीनाला का लागू होत नाही? त्याच्या वाट्याला संस्था येत नाही, भाडेपट्टा येत नाही, मालकी तर लांबच. त्याच्या वाट्याला येते ती नोटीस.

विटाळाचे नवे नाव

पेठेला लागूनच असलेल्या शनिवारवाड्यातून पेशवाईचा कारभार चालत होता. त्या राजधानीत अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके, पावलाचा ठसा मातीवर राहू नये म्हणून झाडू. म्हणजे जमीन पवित्र आणि तिच्यावर राबणारा माणूस अपवित्र, अशी ती समजूत होती. आज विटाळ हा शब्द सरकारी कागदात कोणी लिहीत नाही. त्या जागी अतिक्रमण हा शब्द आला आहे. शब्द कायद्याचा आहे, पण तो कोणाला लावायचा आणि कोणाला नाही, हे ठरवणारी नजर पुष्कळदा जुनीच असते.

शनिवार पेठेच्या नदीकाठीच हे पाहता येते. पात्रातून गाड्यांचा रस्ता जातो. समोरच्या काठाने सुमारे १.७ किलोमीटर मेट्रो नदीपात्रातून धावते. त्यावरचा वाद हरित लवादापर्यंत गेला, पण मार्ग झालाच. मुळा-मुठेच्या सुमारे ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाच्या प्रकल्पाचे भूमिपूजन ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याचा अंदाजित खर्च साडेचार हजार कोटींच्या वर आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेली असते. तिच्या आत काँक्रीट ओतले तर त्याला विकास म्हणतात. त्याच रेषेच्या आत कोणी गाडी लावून पोट भरत असेल तर ते अतिक्रमण होते.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे याच नदीच्या समोरच्या काठावर, पुलाच्या वाडीत, पुराच्या पाण्यातून अंडाभुर्जीची गाडी हलवताना तीन तरुण विजेचा धक्का लागून गेले. नदी कोणासाठी फिरायला जायचे ठिकाण आहे आणि कोणासाठी जिवाची जोखीम आहे, हे समजायला दुसरा पुरावा नको. पूर सगळ्यांना सारखाच येतो असे म्हणतात. पुरातून बाहेर पडायची वाट मात्र सगळ्यांना सारखी नसते.

गायरानाचा हिशेब

आता गायरानाकडे येऊ. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मुख्य मागणी. माणसे लाखोंच्या संख्येने तुरुंगात गेली. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७८ मध्ये आणि मग २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढून मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. दुसऱ्या निर्णयाची मुदत १४ एप्रिल १९९० ठेवली होती, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा आरंभ. तारीख भावनिक निवडली, अंमलबजावणी मात्र तलाठ्याच्या दप्तरात अडकली. पुरावा कसला द्यायचा? गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. ती लिहायची तलाठ्याने. नोंद झाली नाही तर चूक कसणाऱ्याची.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचा निकाल दिला. गावगुंडांनी आणि पैसेवाल्यांनी गावतळी व गायराने गिळली, हे त्या निकालाचे दुखणे आहे आणि ते खरेच आहे. पण त्याच निकालात एक अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. शासनाच्या निर्णयाने भूमिहीन मजुराला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जमीन दिली असेल तर ती नियमित करता येईल. या निकालाचा हवाला देऊन निघालेल्या किती नोटिसांत हा अपवाद सापडतो? गावोगावच्या कार्यकर्त्यांनी त्या तपासून पाहाव्यात. अतिक्रमण हटवण्याचा आदेश ठळक अक्षरात येतो, अपवादाची ओळ वाटेत गळून पडते.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्याने आकडे ठेवले. राज्यात साधारण साडेचार लाख हेक्टर गायरान आहे. त्यातल्या सुमारे दहा हजार हेक्टरवर अतिक्रमण आहे आणि त्यावर दोन लाख बावीस हजारांच्या आसपास बांधकामे आहेत. म्हणजे एकूण गायरानाच्या दोन टक्क्यांहून थोडे अधिक. या दोन टक्क्यांसाठी गावोगाव नोटिसा गेल्या. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत गवत किती उरले आहे, झाडे किती आहेत, जनावरे किती चरतात, हे मात्र कोणी विचारले नाही. त्याच काळात सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमीन नाममात्र भाड्याने देण्याचे धोरणही आले आणि त्यात गायराने जाऊ लागली. वीज हवी, त्याला आमचा विरोध नाही. पण कंपनीच्या पॅनेलखाली गेलेले गायरान संरक्षित आणि मजुराच्या बाजरीखाली असलेले गायरान बळकावलेले, हा हिशेब कोणत्या पर्यावरणशास्त्रात बसतो?

सामाईक जमीन लोकांपासून तोडली की काय होते, हे याच पुण्यातल्या जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगलखात्यावर टीका केली. त्या खात्याने डोंगर आणि गायराने घेतली आणि शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. त्याच पुस्तकात त्यांनी ताली-बंधारे घालून माती अडवण्याचे, पाणी मुरवण्याचे उपायही सांगितले. पर्यावरणाचा विचार आम्हाला कोणाकडून उसना घ्यायचा नाही. तो आमच्या घरात पाणलोट हा शब्द सरकारी योजनेत येण्याच्या शंभर वर्षे आधीपासून आहे.

आमच्या नावाने काय विकले गेले

इथपर्यंत आमच्या बहुतेक वाचकांचे आमच्याशी एकमत असेल. पुढचा मुद्दा थोडा कडू आहे.

पुण्यातलेच कोंढवा बुद्रुक घ्या. तिथली सुमारे ३२ एकर जमीन १ मार्च १८७९ रोजी राखीव वन म्हणून अधिसूचित झाली. १९३४ मध्ये त्यातली साडेतीन एकर वगळण्यात आली. उरलेली ११.८९ हेक्टर वनजमीन ऑगस्ट १९९८ मध्ये एका कुटुंबाला शेतीसाठी देण्यात आली. या कुटुंबाच्या पूर्वजांची जमीन सार्वजनिक कामासाठी घेतली होती आणि ते मागासवर्गीय आहेत, हा आधार. वर्षभराने, ऑक्टोबर १९९९ मध्ये, तीच जमीन एका गृहनिर्माण संस्थेला विकायची परवानगी मिळाली. २००७ मध्ये पर्यावरण मंजुरीही आली. १५ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हे सारे बेकायदा ठरवले आणि जमीन वनखात्याला परत करायला सांगितले. तत्कालीन महसूलमंत्री आणि विभागीय आयुक्त यांनी सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व पार धाब्यावर बसवले, असा ठपका न्यायालयाने ठेवला. मागासवर्गीयांच्या पुनर्वसनाच्या नावाखाली राजकारणी, नोकरशहा आणि बिल्डर यांच्या साखळीने मौल्यवान वनजमीन कशी वळवली, याचे हे ठळक उदाहरण आहे, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय अशी महसूल खात्याच्या ताब्यातली किती राखीव वनजमीन खासगी हातात गेली हे शोधण्यासाठी प्रत्येक राज्याने विशेष तपास पथक नेमावे, असा आदेश दिला.

मागासवर्गीयांच्या नावाखाली, हे शब्द प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावेत.

दुसरे उदाहरण मुंढव्याचे. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाला भाडेपट्ट्याने दिलेली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या तीनशे कोटींच्या खरेदीखताचे प्रकरण बाहेर आले. मूळ वतनदारांच्या वारसांच्या कुलमुखत्यारपत्राचा आधार घेतला होता. सरकारी जमीन विकली कशी, मुद्रांक शुल्क सुटले कसे, यावर चौकशी समिती नेमली गेली, गुन्हे दाखल झाले. दोष कोणाचा ते चौकशीत आणि कोर्टात ठरेल. पण बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले, त्या वतनाची जमीन शंभर वर्षांनी शहरातल्या सर्वांत महागड्या पट्ट्यात येते आणि तरीही वतनदाराचे वारस भाड्याच्या खोलीत राहतात, हे कळायला चौकशी समितीची गरज नाही.

या दोन प्रकरणांत एक समान गोष्ट आहे. आमचे नाव हे कुलूप उघडायची किल्ली म्हणून वापरले जाते. सातबाऱ्यावर मागासवर्गीय नाव लागले की सहानुभूती मिळते, अट शिथिल होते, परवानगी निघते. मग कुलमुखत्यारपत्र येते, साठेखत येते, आणि दोन वर्षांत नाव पुसले जाते. गरिबाला मिळते चारचौघांत सांगताही येणार नाही अशी रक्कम. जंगल जाते ते जातेच. बदनामी मात्र आमची होते आणि पुढच्या खऱ्या भूमिहीनाचा अर्ज त्या बदनामीखाली दाबला जातो.

मग मागायचे काय?

म्हणून आमचे म्हणणे असे. जमीन मागताना आपण तिचा प्रकारही मागितला पाहिजे. एकेका कुटुंबाला विकता येईल असा तुकडा मागणे ही चळवळीची मागणी असू नये. गायरान आणि वनजमीन भूमिहीनांच्या संस्थेला किंवा ग्रामसभेला कायमच्या वहिवाटीने मिळावी. कसणाऱ्याचा हक्क वारसाने पुढे जावा, नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे असावी, आणि विक्री कोणालाही, कधीही करता येऊ नये.

ही कल्पना हवेतली नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये हेच आहे. त्यातला हक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही, आणि जोडप्याच्या संयुक्त नावे होतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, पैसे कसे वाटायचे, हे ग्रामसभा ठरवते. जंगल उभे आहे आणि लोकही उभे आहेत. माणूस काढला की जंगल वाचते, या समजुतीला मेंढ्याने दिलेले उत्तर कोणत्याही भाषणापेक्षा मोठे आहे.

पण याच कायद्यात आपल्यासाठी एक भिंत आहे, तीही सांगितली पाहिजे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, भटकत ठेवले, लिहू दिले नाही, त्यांच्याकडे पंचाहत्तर वर्षांचा कागद मागायचा! ही अट बदलण्याची मागणी आंबेडकरी चळवळीने आदिवासी संघटनांना सोबत घेऊन केली पाहिजे. त्यांच्या वाट्यातले आपल्याला नको. आपला वाटा आपल्याला हवा.

सामूहिक मालकीचा विचार बाबासाहेबांना परका नव्हता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, जात-धर्म न पाहता गावकऱ्यांच्या गटांना ती कसायला द्यावी आणि शेती सामूहिक असावी, अशी मांडणी केली. जमिनीचे बारीक तुकडे करून अस्पृश्य भूमिहीनाचे भले होणार नाही, हे त्यांना दिसत होते. आपण त्यांचा पुतळा उभारतो, हा मसुदा मात्र क्वचित उघडतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो बिनतोड वाटतो. सगळे जग जमीन विकून श्रीमंत झाले, पूरग्रस्त संस्थांना मालकी मिळाली, मग विक्रीबंदी फक्त दलितांनाच का? आमचे उत्तर असे. स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन ज्याने त्याने खुशाल विकावी. सार्वजनिक जमीन मात्र कोणालाच विकता येऊ नये, मग ती शिक्षणसंस्थेला दिलेली असो, क्लबला दिलेली असो किंवा आम्हाला. नियम सगळ्यांना एकच असावा, आणि आधी मोठ्यांना लागू व्हावा. शिवाय ज्याच्या घरात आजारपण आणि लग्न या दोन्हींसाठी कर्ज काढावे लागते, त्याला मिळालेला विकण्याचा हक्क हा व्यवहारात सावकाराचा घेण्याचा हक्क ठरतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. विक्रीवर बंधन तर वतनाच्या जमिनीवरही होते. १९५८ च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्यानंतर परत मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नव्हती, तरी ती गेली. बरोबर आहे. ती गेली, कारण परवानगी एका साहेबाच्या सहीवर होती आणि समोर एकटे कुटुंब होते. एकट्याला गाठता येते, दमदाटी करता येते, दारू पाजून अंगठा घेता येतो. तीस कुटुंबांच्या सभेचा अंगठा घेणे अवघड आहे. म्हणून आम्ही सामूहिक हक्कावर भर देतो. परवानगीची तरतूदच ठेवू नका, म्हणजे परवानगीचा बाजारही उरणार नाही.

तिसरा आक्षेप पर्यावरणवादी मित्रांचा. गायरान शेतीखाली गेले तर गवताळ माळ संपतील, जनावरे आणि पक्षी कुठे जातील? हा प्रश्न आम्ही झटकून टाकत नाही. गायरान सगळेच नांगरू नये. काही भाग चराईला, काही झाडांना, काही पिकाला, काही पाणी मुरायला असा आराखडा हवा. पण तो आराखडा कसणारा, मेंढपाळ आणि गावातल्या बाया एकत्र बसून करतील, त्यांना बाहेर काढून नाही. ज्यांना टेकडीवर सकाळी फिरायला जायचे आहे त्यांनी टेकडी वाचवावी, आम्ही त्यांच्यासोबत येऊ. पुण्याच्या टेकड्यांवरचे ९७६ हेक्टर जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याची लढाई योग्यच होती. फक्त टेकडीच्या पायथ्याची वस्ती आणि माथ्यावर डोळा असलेला बिल्डर यांना एकाच तराजूत तोलू नका.

कामाला लागू

तरुण मित्रांनो, यासाठी मोर्चा काढण्याआधी कागद काढावे लागतील. आपल्या गावचा गाव नमुना १-ई मिळवा आणि त्यात कोणाची नोंद आहे, कोणाची गाळली आहे ते लिहून काढा. गाव नमुना १-अ, म्हणजे वनजमिनींची नोंदवही, पाहा. महसूल खात्याच्या ताब्यातली वनजमीन कोणाकडे गेली याची माहिती, माहितीच्या अधिकारात मागा. सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिलेल्या तपास पथकाने आपल्या जिल्ह्यात काय पाहिले, हे विचारा. नोटीस आलीच तर उत्तरात १९९१ च्या शासन निर्णयाचा आणि जगपालसिंग निकालातल्या अपवादाचा उल्लेख करा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वतनाची जमीन कुठे होती ते विचारा आणि तिचे फेरफार काढा. कुलमुखत्यारपत्र घेऊन कोणी दारात आला तर सही करण्याआधी वस्तीची बैठक बोलवा.

शहरात राहणाऱ्यांनाही काम आहे. शनिवार पेठेत राहणारा असो की पुलाच्या वाडीत, नदीकाठाच्या प्रकल्पाचे नकाशे सगळ्यांनी मिळून वाचले पाहिजेत. काठ आवळला तर पाणी कुठे चढेल, आणि तिथे कोण राहते? हा प्रश्न नदीचाही आहे आणि समतेचाही. १९६१ च्या पुराने हे शहर जमिनीबाबत उदार होऊ शकते हे दाखवले. तेवढेच औदार्य गायरानावर उभ्या असलेल्या माणसाला मिळावे, एवढेच आम्ही मागतो आहोत.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सगळ्यांचे आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ते आमच्या एकट्यांच्या नावावर करून द्या, असे त्यांनी म्हटले नव्हते. जमिनीच्या आणि जंगलाच्या लढाईतही आपली मागणी तेवढीच मोठी असली पाहिजे. जे सगळ्यांचे आहे त्यावर आमचाही हक्क आहे, आणि जे सगळ्यांचे आहे ते आमच्या नावाने कोणाला विकू देणार नाही.

जय भीम.